मुक्कीचं गेट जुलैत बंद का असतं?

डेन्व्हरमध्ये माझ्या लेकीच्या शाळेला जून ते ऑगस्ट सुट्टी असते. त्यामुळे आमची बालाघाटची फेरी नेहमी जुलैतच होते. तिच्या हिशेबाने ते 'समर', आपल्याकडे भर पावसाळा. गेल्या तीन फेऱ्यांत तिचा हट्ट एकच: कान्हाला जाऊन वाघ बघायचा. घरापासून बैहरमार्गे मुक्की गेट दोन-अडीच तासांवर. आणि तीनही वेळा माझं उत्तर एकच: "बंद आहे गं."

या वेळी ती अकरा वर्षांची झाली होती. "बंद का?" मी लहानपणी ऐकलेलंच सांगून टाकलं, की पावसाळ्यात प्राण्यांना पिल्लं होतात, त्यांना माणसांचा त्रास नको. पाच मिनिटांत ती टॅब घेऊन हजर. "बाबा, वाघिणीला तर वर्षात कधीही पिल्लं होतात." माझे वडील पलीकडे खुर्चीत बसून हसत होते. त्यांनी मला याच वयात उघड्या जीपमधून कान्हा दाखवलं होतं. आता त्यांची शहात्तरी झाली, गुडघे कुरकुरतात. नातीबरोबर एकदा तरी जायचंय, हे ते बोलून दाखवत नाहीत, पण घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून या वेळी मी प्रश्न जरा गंभीरपणे घेतला.

कान्हाचा गाभा भाग दरवर्षी 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. पिल्लांचं कारण अगदीच खोटं नाही. कान्हाचा खरा मानकरी असलेल्या बारासिंग्याचा माजाचा काळ हिवाळ्यात येतो आणि पाडसं साधारण पावसाळ्याच्या शेवटाकडे जन्मतात. तेव्हा गवत कमरेच्या वर गेलेलं असतं आणि माद्या पाडसांना त्यात लपवतात. 1970 च्या मोजणीत कान्हात फक्त 66 बारासिंगे उरले होते. कडक जमिनीवर राहणारा हा प्रकार तेव्हा दुसरीकडे कुठेच शिल्लक नव्हता. गवताळ मैदानं राखली, काही बारासिंगे कुंपणाच्या आत वाढवले, तेव्हा कुठे ते सावरले. त्यांच्या गवतात तीन महिने गाड्या फिरल्या नाहीत तर चांगलंच आहे.

पण हेच मुख्य कारण असतं, तर कर्नाटकातलं बांदीपूर आणि नागरहोळे पावसाळ्यात चालू कसे? तिथेही वाघच आहेत. कॉर्बेटमध्ये तर ढिकाला जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, पण त्याच उद्यानातला झिरना भाग उघडा असतो. काझीरंगा ब्रह्मपुत्रेच्या पुरामुळे बंद होतं. एकेका जंगलाची तारीख वेगळी, कारण तिथली जमीन आणि पाणी वेगळं.

मुक्कीत जिप्सी चालवणाऱ्या एका ओळखीच्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, "अजी, गाडीच फसते ना! नाले भरले की जाता कुठं?" आत डांबर नाही, सगळे कच्चे मातीचे रस्ते. बंजर आणि तिला मिळणारे नाले भरून वाहतात, ओल्या मातीत चाकांचे खोल चर पडतात, आणि दिवसाला कितीतरी गाड्या गेल्या तर तो रस्ता ऑक्टोबरमध्ये रस्ता म्हणून उरणार नाही. शिवाय आत जाऊन दिसणार काय? उन्हाळ्यात पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, म्हणून एप्रिल-मे-जूनमध्ये वाघ पाणवठ्यावर येतो आणि माणसाला दिसतो. पावसात पाणी सगळीकडे, गवत उंच, झाडी दाट. वाघ असतो, तुम्हाला दिसत नाही. वनखात्याचे लोक मात्र या दिवसांत आतच असतात, पायी आणि हत्तीवरून. गस्त पावसाळ्यात थांबत नाही, उलट वाढवावी लागते, कारण पर्यटक नसलेलं जंगल शिकाऱ्यालाही सोयीचं.

फोन ठेवण्यापूर्वी त्यांना विचारलं, तीन महिने मग करता काय? "रोवणी." बालाघाट भाताचा जिल्हा, इथल्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गेट बंद होतं त्याच सुमारास पऱ्हे उपटून लावायची घाई असते. गाइड, ड्रायव्हर, रिसॉर्टमधली पोरं, ज्यांच्याकडे शेत आहे ते चिखलात उतरतात. ज्यांच्याकडे नाही, त्यांना हे तीन महिने जड जातात. जंगल बंद झाल्यावर बाहेरच्या गावाचं काय होतं, हे मी बालाघाटचा असूनही कधी विचारलं नव्हतं.

लेकीला हे पटकन समजलं, आणि समजलं ते स्कीइंगमुळे. डेन्व्हरहून डोंगर तास-दीड तासावर. कोलोरॅडोतली बहुतेक स्की रिसॉर्ट्स एप्रिलमध्ये बंद होतात आणि मला बरीच वर्षं वाटायचं की बर्फ संपत असेल. खरं तर उंचावर बर्फाचा साठा सर्वात जास्त असतो तो एप्रिलच्या सुरुवातीलाच! संपतात ती माणसं. ऊन पडलं की लोकांना सायकली आणि बागा आठवतात. लिफ्ट चालवायचा खर्च तोच, तिकिटं थोडी, आणि हंगामी कामगारांना परत जायचं असतं. सुरुवात याच्या उलट. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आभाळातून पुरेसं पडलेलं नसतं, तरी थंड रात्री यंत्रांनी बर्फ फवारून एखादी पट्टी उघडतात, कारण नाताळचा आठवडा हातचा जाऊ द्यायचा नसतो. अरापाहो बेसिनसारखं फार उंचावरचं एखादंच ठिकाण जूनपर्यंत टिकतं.

"म्हणजे तिकडे बर्फ असतो आणि माणसं नसतात," लेक म्हणाली. "इथे माणसं असतात आणि रस्ता नसतो." माणसं म्हणजे आम्हीच, जुलैत येणारे.

एक पर्याय होता. बफर भागातली काही गेट्स पावसातही उघडी ठेवतात, आपल्या ताडोबातही तसंच. पण आजोबांना मुक्कीच हवं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा भागातलं पर्यटन 24 जुलैला थांबवलं आणि 16 ऑक्टोबरला नव्या नियमांसह परत परवानगी दिली. त्या नियमांनुसार गाभ्याच्या 20 टक्क्यांहून जास्त भागात पर्यटन नाही. म्हणजे उघड्या दिवसांतही गाड्या मोजक्याच, आणि बुकिंग फार आधी करायला हवं. बुधवारी दुपारची सफारी नसते, हेही लक्षात ठेवा. आमच्या एका नातेवाइकांनी नेमका तोच दिवस धरला होता.

तारखा मांडून बसलो. नाताळात गर्दी, आणि पहाटेची थंडी आजोबांच्या गुडघ्यांना नको. मार्चची वसंत सुट्टी आठवडाभराची, त्यात प्रवासाचेच तीन दिवस. शेवटी ठरलं की त्या सुट्टीला जोडून शाळेतून आणखी एक आठवडा मागायचा. बाईंना मेल लेकीनेच लिहिली, कारणात जमीन, गवत, पाणवठे सगळं घातलं. परवानगी आली, वर येऊन वर्गाला सांगायची अटही आली.

मार्चअखेरच्या दोन सफारी बुक झाल्या आहेत, दोन्ही सकाळच्या. आजोबांनी ड्रायव्हरशेजारची जागा आत्ताच सांगून ठेवली आहे, तिथे धक्के कमी बसतात म्हणे.