रोडग्याचा नवस

सासुरवासाने गांजलेली एक बाई भवानीआईपुढे हात जोडून उभी आहे. तिचे मागणे साधे आहे. सासरा परगावी गेला आहे, त्याचा निकाल तिकडेच लागावा. सासू छळते, तिला लवकर उचलावी. जाऊ फडाफडा बोलते, ती विधवा व्हावी. म्हणजे दिराचाही बळी त्यातच आला. नणंदेचे पोर किरकिर करते, त्याला खरूज व्हावी. शेवटी नवऱ्याचीही पाळी येते. या साऱ्या कामगिरीचा मोबदला म्हणून देवीला काय मिळणार, तर एक रोडगा! गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा गोळा. नवसाच्या बाजारातील घासाघीस इतक्या थोडक्या ओळींत कोणी रंगवल्याचे निदान आमच्या तरी वाचनात नाही.

हे चित्र पैठणच्या एकनाथांचे. नाथांनी १५९९ मध्ये समाधी घेतली. चार शतके उलटली, तरी या भारुडाला आजही हशा पिकतो. ज्याने भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली आणि ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्याच पंडिताने जोशी, वासुदेव, गोंधळी, फकीर, विंचू आणि भूत यांनाही काव्यात आणून बसवले. गावगाड्यातील क्वचितच कोणी त्यातून सुटले असेल.

विद्वानांची मात्र या हास्याशी नेहमीच थोडी अडचण होते. सासरा म्हणजे अहंकार, सासू म्हणजे कल्पना, अशी फोड करून ते चटकन परमार्थाकडे वळतात. ही फोड चुकीची नव्हे. सगळे जाऊन मला एकटीलाच राहू दे, हे त्या बाईचे शेवटचे मागणे अद्वैताकडेच बोट दाखवते. पण रूपक उलगडण्याच्या घाईत ती बाई दृष्टीआड होते, त्याचे काय? तिला माहेर दूर आहे, नवरा तिच्या बाजूचा नाही, गावची पंचायत पुरुषांची आहे. तक्रार ऐकून घेईल अशी एकटी देवीच उरते. तिचा नवस ही अंधश्रद्धा खरीच. परंतु ती बिचारीचा अर्जही आहे, हे भारूड ऐकताना विसरता येत नाही.

नाथ अंधश्रद्धेवर प्रहार करतात, तो तिचाच वेष घेऊन. त्यांचा जोशी होरा सांगायला येतो, पण ग्रहांचे नावही काढत नाही. देहगावचा पाटील मनाजी, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो घात करील, असे भविष्य तो सांगतो! विंचवाच्या भारुडात उतारा मांत्रिकाच्याच थाटात येतो, मात्र अंगारा असतो सत्त्वगुणाचा. खऱ्याखुऱ्या विंचवाच्या विषावर उपाय सापडायला पुढे विसावे शतक उजाडावे लागले. महाडचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने रुग्ण वाचवण्याचा मार्ग दाखवला. तोवर माणसे मांत्रिकाकडे धावत होती, ती केवळ मूर्ख होती म्हणून नव्हे, तर दुसरे दार नव्हते म्हणून.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. नरबळी आणि अघोरी प्रथा यांना कायद्याचाच बडगा हवा, यात शंका नाही. पण रोडग्याचा नवस हा काही त्या कायद्याखालचा गुन्हा नाही. तेथे नाथांच्या वाटेनेच जावे लागते, आणि ती वाट आम्हा शिकलेल्यांना जमत नाही. आम्ही खेडुताच्या भाबडेपणाला हसतो आणि स्वतःच्या नव्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधतो. बदलीचा हुकूम रद्द व्हावा म्हणून देवाला नारळ कबूल करणारा कारकून आणि ती रोडगेवाली यांच्यात फरक असलाच तर तिच्या बाजूने आहे. तिचे दुःख तरी मोठे होते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड तालुक्याच्या रहिमाबादचे निरंजन भाकरे यांनी ही परंपरा आपल्या काळात गाजवली. त्यांचा ‘बुरगुंडा’ ऐकायला लोक लांबून येत. हुंडा, व्यसन असे आजचे विषय ते भारुडात सहज मिसळत. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने त्यांना नेले. आता सरकारी योजनांच्या प्रचारासाठी भारुडाला बोलावणे येते, कलावंताला चार पैसे मिळतात, हे चांगलेच. पण घोषणेची ओळ म्हणणाऱ्या भारुडात ती घासाघीस करणारी बाई कोठे शोधायची?

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणात दिंड्या उतरतात. रात्री कोठेतरी हा नवस रंगात येतो. सासूचे मागणे आले की सुना तोंडाला पदर लावून हसतात. पुढे बसलेल्या सासवाही हसतात, आणि बहुधा जरा जास्तच मोठ्याने. त्याही कधीकाळी सुनाच होत्या.