नर्सिंगची पदवी अकरावीच्या अर्जावर ठरते

दहावीचा निकाल लागला की वेळापूर, माळशिरस, अकलूज भागातल्या घरांत मुलींच्या बाबतीत एक सल्ला हमखास दिला जातो. 'सायन्स झेपणार नाही, आर्ट्स घे. नर्सिंग नंतर करता येतंच की.' सल्ला देणारी मामी किंवा चुलती खोटे बोलत नसते, पण ती अर्धेच सांगत असते. आर्ट्सवरून बारावी झालेल्या मुलीला एएनएम करता येते, जीएनएमही करता येते. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी मात्र करता येत नाही. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला किमान ४५ टक्के, तर राखीव गटाला ४० टक्के गुण हवेत. प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत.

म्हणजे सीईटीचा फॉर्म भरण्याच्या दोन वर्षे आधी, अकरावीच्या अर्जात शाखा निवडली जाते तिथेच ही वाट उघडते किंवा बंद होते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्यामुळे गावातल्या मुलीलाही मोबाईलवर किंवा नेट कॅफेत बसून ही निवड करावी लागते, आणि पुष्कळदा ती घाईत होते. सायन्स घेतले म्हणजे काम झाले असेही नाही. अनेक मुले अकरावीत गणित ठेवून जीवशास्त्र सोडतात. 'बायो पाठ करावे लागते' या भीतीने सोडलेला तो एक विषय पुढे नर्सिंगच्या पदवीसाठी आडवा येतो. पदवीला जीवशास्त्राला पर्याय नाही, गणिताशिवाय मात्र चालते.

दुसरा गैरसमज जरा मोठ्या मुलींचा आणि त्यांच्या पालकांचा असतो. आधी बी.ए. किंवा साधी बी.एस्सी. करून घ्यावी आणि नंतर नर्सिंगकडे वळावे, असे त्यांच्या मनात असते. अमेरिकेत असा रस्ता खरोखर आहे. दुसऱ्या कोणत्याही विषयाची पदवी असलेल्यांना तिथे थेट नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात घेतात. येल विद्यापीठाने तसा अभ्यासक्रम १९७४ मध्ये सुरू केला. आता तिथल्या अनेक विद्यापीठांत तो आहे आणि प्रवेशासाठी मोठी चुरस असते. परदेशातल्या नातेवाइकांकडून हे कानावर आले की आपल्याकडेही असेलच असे वाटते. भारतात ती सोय नाही. एम.एस्सी. नर्सिंगला जायचे तर आधी नर्सिंगचीच पदवी आणि त्यासोबत एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी मिळवलेल्या मुलीलाही बारावीच्या गुणपत्रिकेसह नर्सिंगच्या पहिल्या वर्षात, १८ वर्षांच्या मुलींच्या शेजारी बसावे लागते. हा नियम कडक वाटतो, पण पदवीची तीन वर्षे घालवण्याआधी तो माहीत असलेला बरा.

मुळात पदवीचाच आग्रह कशासाठी? आपल्याकडे परिचारिका घडल्या त्या रुग्णालयांत, हाताखाली काम करत. भारतात नर्सिंगची पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे सुरू झाली. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ मध्ये निघाले. पदविका घेतलेल्या सिस्टरांच्या जोरावर आपली सरकारी रुग्णालये आजवर चालली आहेत, आणि त्यांच्या हाताचे कसब कोणी नाकारू नये. तरीही पदवीचा रुग्णाला काय उपयोग होतो, हे मोजण्याचा प्रयत्न झाला आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांमधील, शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ४ लाख २२ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. हा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असले, तर रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आपल्याकडच्यांनी अधिक लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रत्येक परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. हा संबंध दिसला म्हणून तेच कारण असे सिद्ध होत नाही, शिवाय ती रुग्णालयेही युरोपातली. पण एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड सोपवायचा आणि दोष तिच्या शिक्षणाला द्यायचा, हे या आकड्यांत बसत नाही.

वॉर्डमधल्या शिक्षणाचा एक साधा नमुना पाहू. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचे आहे. सेटमधून १ मिलीला २० थेंब पडतात. एकूण १०,००० थेंब, त्यांना २४० मिनिटांनी भागले की मिनिटाला साधारण ४२ थेंब होतात. आता लहान मुलांसाठी वापरतात तो मायक्रो सेट लावला, ज्यात १ मिलीला ६० थेंब पडतात, तर तेवढ्याच वेगासाठी मिनिटाला १२५ थेंब लागतात. सेट बदलला पण थेंब ४२च ठेवले, तर चार तासांची बाटली बारा तास चालेल. हिशेब चौथीच्या गणिताचाच आहे. रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण ओरडत असताना तो अचूक करायचा असतो. कोणते औषध वेगाने गेले तर हृदयावर ताण येतो आणि कोणते उशिरा पोहोचले तर रक्तदाब ढासळतो, हे समजायला शरीराचे शास्त्र यावे लागते. बारावीचे जीवशास्त्र मागतात ते या पायासाठी.

नोकरीतही फरक पडतो. 'एम्स'च्या नर्सिंग ऑफिसर भरतीला बी.एस्सी. झालेली मुलगी परिषदेची नोंदणी झाली की लगेच बसू शकते. जीएनएम झालेलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. मुलांनाही हे लागू आहे. एएनएम फक्त मुलींसाठी असले तरी जीएनएम आणि बी.एस्सी.ला मुलगेही जातात, आणि वॉर्डमध्ये 'ब्रदर' ही हाक आता नवलाची राहिलेली नाही.

राज्यात या पदवीच्या प्रवेशासाठी सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा होते. १०० प्रश्न, १०० गुण आणि ९० मिनिटे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग कल चाचणी यांचे प्रत्येकी २० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. मराठी माध्यमातल्या मुली विज्ञानात फारशा मागे पडत नाहीत. त्या अडतात इंग्रजीच्या २० गुणांत, आणि पुढे पदवीचे शिक्षणही इंग्रजीतूनच असते. बारावीनंतरच्या दोन महिन्यांत इंग्रजी सुधारत नाही. अकरावीपासून रोज पानभर वाचले तर सुधारते.

निकाल हातात पडतो तो पर्सेंटाइलमध्ये, आणि त्यावरून घरोघरी वाद होतात. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर १०० जणांपैकी ८० जण तुमच्याइतके किंवा तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर अवघड निघाला तर बऱ्यापैकी कमी गुणांवरही चांगला पर्सेंटाइल येतो.

खरी चुरस असते ती परवडणाऱ्या जागांसाठी. सरकारी जागा थोड्या आहेत, आणि मुंबईच्या जे.जे. रुग्णालयाच्या आवारातल्या संस्थेसाठी किंवा नागपूरच्या सरकारी कॉलेजसाठी राज्यभरातून अर्ज येतात. २०१४ नंतर सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने १५७ नर्सिंग कॉलेजे काढायला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती पूर्ण चालू झाली तर देशात साधारण १५,७०० जागा वाढतील. तोपर्यंत बहुतेकांना खासगी कॉलेजचा विचार करावाच लागतो.

इथे एक गोष्ट पैशांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ही माफी सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेलाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा एजंटच्या हातून थेट घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. 'कशाला फेऱ्यांची वाट बघता, आजच सीट पक्की करून देतो' असे म्हणणारा माणूस पालकांच्या खिशातून चार वर्षांची फी काढत असतो. वसतिगृह, खानावळ, गणवेश हा खर्च माफीत नाही. सोलापूर शंभरएक किलोमीटरवर असल्याने वेळापूरच्या मुलीला तो चुकत नाही.

कागदपत्रांचा कारभार मात्र दमवणारा आहे. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तहसीलकडून, जातीचा दाखला प्रांताकडून, आणि पडताळणी सोलापूरच्या समितीकडून. पडताळणीला महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून तिचा अर्ज बारावीच्या वर्षातच कॉलेजमार्फत द्यावा. राखीव जागा मिळाली आणि पडताळणी नाही, अशी वेळ दरवर्षी कोणावर तरी येते. नॉन-क्रिमिलेअरची मुदत त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, तेही पाहावे. माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते, त्या आठवड्यात रस्ते वारकऱ्यांचे असतात. तालुक्याला किंवा सोलापूरला जायचे काम त्याआधीच उरकलेले बरे.

कॉलेज निवडताना इमारतीकडे पाहू नये, रुग्णालयाकडे पाहावे. नर्सिंग परिषदेचे निकष सांगतात की कॉलेजचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय हवे आणि एका विद्यार्थ्यामागे किमान तीन रुग्ण असावेत. कागदावर हे सगळीकडे असते. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, न सांगता त्या रुग्णालयात जावे. ओपीडीला रांग आहे का, प्रसूतिकक्ष चालू आहे का, खाटांवर माणसे आहेत की नुसत्या घडी न मोडलेल्या चादरी आहेत, हे तासाभरात कळते. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना कॅन्टीनमध्ये गाठून 'तू स्वतः किती बाळंतपणं पाहिलीस?' एवढे विचारावे. माहितीपुस्तिकेत न छापलेली माहिती तिथे मिळते. कर्नाटकात किंवा इतरत्र प्रवेश घ्यायचा झाल्यास तिथल्या राज्य परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता त्या चालू वर्षाची आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासावे. परतल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय इथे काम करता येणार नाही.

एक वाट गावाकडच्या मुलींना फारशी माहीत नसते. सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेतर्फे पुण्याच्या एएफएमसीसह सहा ठिकाणी बी.एस्सी. नर्सिंगच्या २२० जागा भरल्या जातात. पुणे आणि मुंबईतल्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयात प्रत्येकी ४० जागा आहेत. आजवर ही निवड अविवाहित मुलींसाठी राहिली आहे. राज्याची सीईटी तिला चालत नाही, 'नीट' द्यावी लागते. बारावीला पहिल्याच प्रयत्नात ५० टक्के हवेत. त्यानंतर लेखी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. शिक्षणाचा व राहण्याचा खर्च सरकार करते, बदल्यात सेवेचा करार असतो. म्हणून जीवशास्त्र घेतलेल्या मुलीने एमबीबीएसची आशा नसली तरी 'नीट'चा फॉर्म भरून ठेवावा.

आणि जिने आर्ट्स घेऊन बारावी केलीच आहे, तिचे काय? तिच्यासाठी तीन वर्षांचे जीएनएम, परिषदेची नोंदणी आणि मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. अशी पाच वर्षे होतात, म्हणजे थेट पदवीपेक्षा एकच वर्ष जास्त. मधे नोकरी धरली तर हातात पगारही येतो, आणि घरी दोन धाकटी भावंडे असतील तर ही वाट अनेकदा अधिक शहाणपणाची ठरते. पुढे एम.एस्सी.चे दारही त्यातून उघडते. फक्त पोस्ट बेसिकच्या जागा थोड्या, आणि लग्न ठरले की शिकणे थांबते, हा इथला नेहमीचा अनुभव. जीएनएमच्या तिसऱ्या वर्षातच पुढचे कॉलेज आणि त्याच्या अर्जाची तारीख पाहून ठेवली, तर घरच्यांसमोर बोलताना हाताशी काहीतरी असते.