कराडचं पाणी सांगलीला येतं, सांगलीचं कराडला जात नाही : पुराच्या आकड्यांमागचं बाणाचं गणित

सांगली : पावसाळा लागला की कृष्णाकाठच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, कराडला किती, आयर्विन पुलाजवळ किती फूट. या पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तेव्हापासून आकडा वाढला की लोक आधी गोठ्याकडे बघतात. पण आकडा खरा, की मोजणारं यंत्र बिघडलंय?

हे ओळखायला गणिताची एक शाखा आहे, ग्राफ सिग्नल प्रोसेसिंग. नाव मोठं, गोष्ट साधी. मोजणीची ठिकाणं म्हणजे ठिपके, मधली नदी म्हणजे रेघ. या जाळ्याला ग्राफ म्हणायचं आणि ठिपक्यांवरच्या आकड्यांना सिग्नल.

मूळ कल्पना फ्रान्सच्या जोसेफ फुरिये यांची. उष्णता कशी पसरते यावर त्यांनी 1822 मध्ये पुस्तक काढलं. वेडीवाकडी लाट साध्या लाटांत फोडता येते, काही संथ, काही वेगवान. भजनात पखवाजाचा घुमारा आणि टाळांचा किणकिणाट कान वेगळा करतो, तसंच. ग्राफवर शेजारच्या ठिपक्यांचे आकडे जुळत असतील तर ती संथ लाट. एकच ठिपका उसळला तर वेगवान. ती काढून टाकली की बिघाड गाळला जातो. हवेच्या तापमानाला ही युक्ती चालते.

नदीला नाही. धरणाचे दरवाजे उचलले की कराडला पाणी आधी वाढतं, सांगलीला काही तासांनी. साधं गणित म्हणणार, कराडचा आकडा शेजाऱ्याशी जुळत नाही, दाबा त्याला. म्हणजे पुराची पहिली खबरच गाळली गेली! म्हणून रेघेला बाण लावावा लागतो, वरून खाली.

बाण लावला की दुसरी अडचण. नेहमीच्या पद्धतीत लाटांचे वेग निघायला जाळ्यात कुठंतरी फिरून माघारी येणारी वाट लागते. नदी माघारी येत नाही. मग सगळे वेग शून्यच निघतात, संथ कोण आणि वेगवान कोण काही कळत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिक विद्यापीठात मार्कुस प्युशेल आणि सहकाऱ्यांनी यावर वेगळी वाट काढली. वेग विचारायचाच नाही, कुठून किती आलं ते विचारायचं. समजा कोयनेचं 50 हजार क्युसेक आणि वरच्या कृष्णेचं 30 हजार कराडच्या संगमावर आलं. खाली 80 हजार भरायला हवं. 1 लाख 10 हजार दाखवलं, तर 30 हजार मध्येच कुठून आलं? ओढे-नाले तेवढे वाहत असतील तर ठीक, पाऊसच नसेल तर यंत्र तपासा.

एक मात्र आहे. हा बाण क्युसेकला लागतो, फुटाला दरवेळी नाही. नरसोबावाडीला कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. तिथं खालचा ठिपका वरच्याची पातळी वाढवतो. त्यामुळे ग्रुपवर नुसते फूट आले, तर वरच्या ठाण्याचा विसर्ग किती आणि आकडा किती वाजताचा, हे दोन्ही मागून घ्यावं.