पेढीचा हॉटस्पॉट आणि परवलीचा शब्द

हळदीचा हंगाम सुरू झाला की हिंगोली आणि वसमतच्या बाजार आवारांत वाहनांच्या रांगा लागतात. लिलाव, काटा, हिशेबपट्टी हा क्रम जुनाच आहे. मात्र पट्टी आता वहीपेक्षा संगणकावर आधी उतरते. परराज्यात जाणाऱ्या मालाचे ई-वे बिल निघाल्याशिवाय ट्रक हलत नाही. नेमकी तेव्हाच वीज जाते, दुकानातील इंटरनेट बंद पडते आणि मालक खिशातला मोबाइल काढून हॉटस्पॉट सुरू करतात. मुनीमजी विचारतात, ‘पासवर्ड काय?’ उत्तर मोठ्या आवाजात येते आणि ते हमाल, चालक, गिऱ्हाईक असे सारेच ऐकतात.

तिजोरीची किल्ली मुलालाही विचारपूर्वक देणारी आपली माणसे या किल्लीबाबत एवढी उदार कशी होतात, हे कोडेच आहे. बहुधा ‘फार तर थोडा डेटा जाईल’ अशी समजूत त्यामागे असावी. पण डेटा हा त्यातला सर्वांत लहान तोटा होय.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपास करीत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका सदनिकेत, एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. मेल त्यांनी लिहिलेला नव्हता. त्यांच्या असुरक्षित वाय-फायचा कोणीतरी परस्पर वापर केला होता. तरीही चौकशी झाली, संगणक तपासणीसाठी गेले आणि नाव देशभरच्या वृत्तपत्रांत छापून आले. पुढच्या काही आठवड्यांत माटुंगा व चेंबूर येथील वाय-फायचाही असाच वापर झाला. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात पहिला प्रश्न येतो. आपल्या मोबाइलचे सिमकार्डही आपल्याच नावावर असते.

बँकेचे व्यवहार स्वतंत्र सांकेतिक कुलपात चालतात, त्यामुळे हॉटस्पॉटला जोडलेला माणूस खाते रिकामे करील, ही भीती अवास्तव आहे. मात्र संगणकातील एखादे दप्तर ‘सामायिक’ करून ठेवले असेल, तर त्याच हॉटस्पॉटवरील अनोळखी मोबाइल तिथवर पोहोचू शकतो. उधारीची यादी दुसऱ्या पेढीच्या हाती लागणे काय असते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

उपाय मोबाइलमध्येच आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘सिक्युरिटी’ हा पर्याय असतो. तेथे ‘नन’ किंवा ‘ओपन’ असेल तर दार सताड उघडे आहे असे समजावे. ‘डब्ल्यूपीए-३’ मिळाल्यास तो निवडावा. जुना संगणक वा छपाईयंत्र त्याला जोडले जात नसेल, तर ‘डब्ल्यूपीए-२ / डब्ल्यूपीए-३’ हा मिश्र पर्याय आणि तोही नसल्यास ‘डब्ल्यूपीए-२’ चालेल. आयफोनमध्ये ही निवड फोन स्वतःच करतो, आपण फक्त पासवर्ड बदलायचा.

दोहोंतला भेद समजून घेण्याजोगा आहे. डब्ल्यूपीए-२ मध्ये जोडणीच्या क्षणी होणारी सांकेतिक देवाणघेवाण हवेतून टिपून ठेवता येते आणि मग घरी बसून, आपल्याला पत्ताही न लागता, संगणकाकरवी लक्षावधी पासवर्ड ताडून पाहता येतात. पासवर्ड म्हणून दुकानाचा दहा आकडी मोबाइल क्रमांक ठेवला असेल, तर शक्तिशाली संगणकाला काही तास पुरतात. तो क्रमांक पाटीवरच रंगवलेला असेल, तर तेवढेही नकोत! डब्ल्यूपीए-३ मध्ये मात्र प्रत्येक अंदाज प्रत्यक्ष हॉटस्पॉटपुढेच करून पाहावा लागतो, त्यामुळे घरी बसून चालणारा हा उद्योग खुंटतो.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, पण आठावर थांबू नये. परस्परांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत सलग लिहिले, तर ते मुनीमजींच्या लक्षात राहतात आणि परक्याला सुचत नाहीत. कुलदेवता, मुलांची नावे, पेढीचे नाव टाळावे. हॉटस्पॉटच्या नावातही पेढीचा उल्लेख नको. आयफोन तर मालकाचे नावच हॉटस्पॉट म्हणून दाखवतो. ते फोनच्या नावाच्या जागी जाऊन बदलता येते.

पासवर्ड न सांगता क्यूआर दाखवला म्हणजे गुप्तता राहिली, असेही नाही. त्या चौकटीत पासवर्डच असतो. पाहुण्याला जोडून दिले तर तो गेल्यावर पासवर्ड बदलावा. नोकर काम सोडून गेला, तरीही. कोणती उपकरणे जोडलेली आहेत याची यादी बहुतेक फोन दाखवतात, ती अधूनमधून पाहावी. काम संपताच हॉटस्पॉट बंद करावा. वापर नसताना तो आपोआप बंद होण्याची सोयही अनेक फोनांत असते.

आता घरातल्या मुलांविषयी थोडे. शेजारच्या दुकानाचा पासवर्ड ठाऊक आहे म्हणून त्यांच्या हॉटस्पॉटवर चित्रपट उतरवून घेणे मुलांना हुशारी वाटते. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, हे पाठशाळेत शिकलेल्या मुलाला तेथे अडखळायला हवे. शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाताना गाडीत एकाने हॉटस्पॉट सुरू केला की सारी गाडी त्याला जोडली जाते. ती गोष्ट निराळी, तेथे देणारा देतो आहे. फक्त परतल्यावर त्याने पासवर्ड बदलला का, एवढे विचारावे.