डायनाचे नाणे आणि अम्मांचा रुपया

मागच्या लगीनसराईत मुलचेऱ्याच्या आमच्या दुकानात एक गृहस्थ मुलीच्या निकाहचा बस्ता बांधायला आले. हिशेब झाल्यावर त्यांनी रुमालात गुंडाळलेले एक मोठे नाणे गादीवर ठेवले. एका बाजूस राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूस शहजादा चार्ल्स व डायना, साल १९८१. "सेठ, परदेशी आहे. निम्मा बस्ता यातच निघेल ना?" आखातातून आलेल्या नातलगाकडून त्यांनी ते चांगले पैसे मोजून घेतले होते.

खरे सांगणे भाग होते. नाणे तांबे-निकेलचे, दर्शनी किंमत २५ पेन्स. अशी अडीच कोटींहून अधिक नाणी पाडली गेली आणि लोकांनी ती आठवण म्हणून जपूनही ठेवली. घरोघरी जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? चांदीतही ते निघाले, २८.२८ ग्रॅमचे, पण तेही दोन लाखांवर.

बोलण्यात कळले की अम्मांचा रुपयांचा हार ते दुसऱ्याच दिवशी सराफाकडे मोडायला नेणार होते. मी म्हटले, थांबा, आधी साल वाचा. हार मागवला, २२ रुपये निघाले. १४ राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरियाचे: वजन एक तोळा, चांदी शेकडा ९१ च्या वर. बाकीचे ८ सन १९४० नंतरचे, त्यांत चांदी निम्मीच. एकत्र तोलले तर सराफ सगळ्यांना निम्म्याचाच भाव लावू शकतो. वेगळे करूनच तोलावेत.

संग्राहकाचा भाव मात्र त्यांना मिळणार नव्हता, कारण प्रत्येक रुपयाला कडी डाखलेली. सुट्या रुपयांनाही चिंच-राखेने घासले की तेच होते.

सुट्यांत १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया असेल तर बाजूला ठेवावा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून मुसलमानांत तेव्हा मोठी नाराजी पसरली. ९४ लाखांपैकी सुमारे ७ लाखच चलनात गेले होते. उरलेले सरकारने वितळवले व १९१२ पासून चित्र बदलले. आपल्या बुजुर्गांनी नाकारलेला तोच रुपया आज जॉर्जच्या इतर बहुतेक सालांपेक्षा महाग जातो! १९३९ चा तर फारच दुर्मीळ. पण त्याच्या नकला पुष्कळ, जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये. आणि शंभर वर्षांहून जुने नाणे आखातात विकायला पाठवण्याचा विचार कोणी करू नये, १९७२ च्या कायद्याने त्यास बंदी आहे.

अम्मांच्या हारात १९११ चा एकही नव्हता. डायना मी रुमालासह परत केली आणि बाकी वहीत उधार लिहिली. हार मोडायचा की नाही, ते घरी विचारून कळवणार आहेत.