एसएमपीएस गेल्यावर : संगणकाच्या भागांची तपासणी

संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय, भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे स्थिर डीसी पुरवठे तयार करतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि हार्डडिस्क याच पुरवठ्यांवर चालतात. त्यामुळे एसएमपीएस जळाला की दुरुस्ती त्या एका डब्यापुरती राहत नाही. जाताना त्याने आणखी कोणते भाग नेले, हे शोधावे लागते. हा शोध विजेच्या वाटेने, भिंतीकडून आत, एकेक टप्पा मोजत करायचा असतो.

नांदेडजवळ गोदावरीकाठी असलेल्या विष्णुपुरीत हे काम नेहमीचे आहे. श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (१९८१), स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४) आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच परिसरात आहेत. प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा विभाग, रुग्णनोंदणी, शिवाय फाटकाबाहेरची झेरॉक्सची आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकाने, सगळ्यांचा कारभार संगणकावर चालतो.

बिघाड कसा झाला

तपासणीची सुरुवात विचारपूस करून होते, कारण बिघाडाच्या प्रकारावरून नुकसानीचा अंदाज येतो.

मोठा आवाज होऊन, जळका वास येऊन संगणक बंद पडला असेल, तर बहुधा एसएमपीएसचा विजेकडचा भाग गेलेला असतो. त्या वेळी शेजारच्या खोलीतले दिवे एकदम प्रखर झाले होते का, पंखे वेगाने फिरले का, हेही विचारावे. तसे झाले असेल तर डीपीवर (वीज वितरणाच्या पेटीवर) किंवा इमारतीच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल तुटलेला असू शकतो. न्यूट्रल सुटला की एका फेजवरच्या उपकरणांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो. अनेक स्वस्त एसएमपीएसमध्ये २०० व्होल्टचे दोन मोठे कॅपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात. एरवी प्रत्येकावर सुमारे १६२ व्होल्ट असतात. ४०० व्होल्ट आले की ते २८० च्या वर जातात आणि कॅपॅसिटर फुटतात. दिसायला प्रकार भयंकर, पण एसएमपीएसमधल्या ट्रान्सफॉर्मरपलीकडचे भाग अशा वेळी पुष्कळदा वाचतात.

दाब स्थिर ठेवणारे सर्किट बिघडणे हा याहून घातक प्रकार. त्यात बाहेर जाणाऱ्या दाबाची खबर मागे पोचवणारा ऑप्टोकपलर किंवा त्याच्या भोवतीचे भाग निकामी होतात आणि १२ किंवा ५ व्होल्टच्या तारेवर जास्त दाब चढतो. आवाज नाही, धूर नाही, पण मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही जाऊ शकतात.

तिसरा प्रकार सावकाश घडणारा. मराठवाड्यातल्या ४२ अंशांच्या उन्हाळ्यात, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये कॅपॅसिटर वाळत जातात आणि पुरवठ्यात चढउतार वाढतो. संगणक आपोआप रीस्टार्ट होतो किंवा दोन-तीनदा बटन दाबल्यावरच सुरू होतो. नुसती लाइट गेल्याने भाग क्वचितच जळतात. त्यात फाइली बिघडतात, म्हणून त्याचा उपाय वेगळा.

एसएमपीएस स्वतः

प्लग काढून एसएमपीएसच्या सगळ्या तारा मदरबोर्ड आणि ड्राइव्हपासून सोडवाव्यात. डबा उघडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बिघडलेल्या एसएमपीएसमध्ये तो प्लग काढल्यावरही टिकून राहू शकतो.

२४ पिनांच्या कनेक्टरमधली एकुलती एक हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला छोट्या वायरने जोडून, प्लग परत लावून मुख्य बटन चालू केले, की चांगला एसएमपीएस सुरू होतो आणि पंखा फिरतो. मात्र पंखा फिरला एवढ्यावरून तो ठीक ठरत नाही. मल्टिमीटरची काळी पिन काळ्या तारेवर ठेवून बाकीच्या मोजाव्यात. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवेत. करड्या तारेवर सुरू झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत सुमारे ५ व्होल्ट यायला हवेत. तोच मदरबोर्डला ‘पुरवठा ठीक आहे’ असा इशारा असतो. जांभळ्या तारेवरचे ५ व्होल्ट संगणक बंद असतानाही चालू राहतात. हा दाब वाढलेला आढळला तर मदरबोर्डच्या चिपसेटला इजा झाली असे धरून चालावे.

हे मोजमाप भार लावून पुन्हा करायचे. ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळणारा मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब पिवळ्या आणि काळ्या तारेत जोडला, की पावणेदोन अँपिअरचा भार लागतो. मोकळ्यावर १२ दाखवणारा आणि बल्ब लावताच १०.८ वर घसरणारा एसएमपीएस बाद.

मदरबोर्ड आणि प्रोसेसर

एसएमपीएस बाद ठरला म्हणून लगेच नवा जोडू नये. आधी मदरबोर्ड वीज न देता तपासावा. प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर माथ्यावर फुगलेत का, मॉसफेटना (दाब उतरवणाऱ्या ट्रान्झिस्टरना) तडा गेलाय का, कुठे काळा डाग आहे का, हे टॉर्चच्या उजेडात दिसते. मग मीटरने पॉवर कनेक्टरच्या प्रत्येक पुरवठ्याच्या पिनपासून ग्राउंडपर्यंतचा रोध मोजावा. १२ किंवा ५ व्होल्टच्या पिनवर शून्याच्या जवळचा आकडा आला तर बोर्डावर शॉर्ट आहे.

सर्वांत मोलाची तपासणी प्रोसेसरजवळच्या ४ किंवा ८ पिनांच्या कनेक्टरवर होते. तिथे आलेले १२ व्होल्ट मॉसफेट आणि कॉइल यांच्यामार्फत एक-सव्वा व्होल्टवर उतरतात आणि प्रोसेसरला मिळतात. वरच्या बाजूचा मॉसफेट शॉर्ट झाला तर अख्खे १२ व्होल्ट प्रोसेसरमध्ये घुसतात. म्हणून १२ व्होल्टची पिन आणि कॉइल यांच्यामधला रोध पाहावा. तो शून्याजवळ असेल तर बोर्डाला वीज देऊ नये आणि त्यावर दुसरा प्रोसेसरही बसवू नये; तोही जाईल. कॉइलपासून ग्राउंडपर्यंत मात्र काही ओहमच दिसणे स्वाभाविक आहे. ते प्रोसेसरच्या घडणीतच आहे; त्याला शॉर्ट समजून चांगला बोर्ड फेकून दिला जातो.

कुठेही शॉर्ट नसेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर, कोरड्या लाकडी टेबलावर ठेवून खात्रीचा एसएमपीएस जोडावा. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि छोटा स्पीकर एवढेच ठेवावे, रॅमही काढावी. अशा स्थितीत चालू केल्यावर लांब बीप पुन्हा पुन्हा आले, तर ती शुभवार्ता आहे. रॅम नसल्याची तक्रार बायोसची आज्ञावली करते आणि ती आज्ञावली प्रोसेसरच चालवतो. बीप आला म्हणजे प्रोसेसर, बायोस आणि बोर्डाचा मोठा भाग शाबूत आहे. काहीच आवाज नाही आला तर बोर्ड किंवा प्रोसेसर संशयित राहतो. प्रोसेसर दुसऱ्या चालू बोर्डावर बसवून तो संशय फिटतो.

रॅम आणि इतर कार्ड

डीडीआर३ आणि डीडीआर४ रॅमला एसएमपीएसचा दाब थेट मिळत नाही. बोर्डावरचे सर्किट तिच्यासाठी डीडीआर३ ला १.५ आणि डीडीआर४ ला १.२ व्होल्ट तयार करते, म्हणून ती पुष्कळदा वाचते. एकेक पट्टी, एकेक स्लॉट असे लावून पाहावे आणि मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालवावे. एकही चूक दाखवणारी पट्टी वापरात ठेवू नये. ती पुढे माहिती नकळत बिघडवते. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड एकेक करून नंतर जोडावे.

हार्डडिस्क

बाकीचे भाग बाजारात मिळतात. डिस्कवरचे गुण, शोधप्रबंध, रुग्णांच्या नोंदी मिळत नाहीत. म्हणून डिस्कला सर्वांत जास्त जपायचे.

अनेक हार्डडिस्कच्या सर्किट बोर्डावर, पॉवर कनेक्टरजवळ दोन छोटे काळे डायोड असतात: एक १२ व्होल्टच्या वाटेवर, एक ५ व्होल्टच्या. दाब वाढला की ते स्वतः शॉर्ट होऊन तो ग्राउंडकडे वळवतात आणि डिस्क वाचवतात. अशी डिस्क जोडलेली असली की नवा एसएमपीएसही सुरू होत नाही. ती काढताच संगणक चालू होतो. हे लक्षण दिसले आणि मीटरने तो डायोड दोन्ही बाजूंनी शून्य दाखवला, तर निदान पक्के. डिस्क मेलेली नसते, तिच्या पहारेकऱ्याने जीव दिलेला असतो. कुशल कारागीर तो डायोड काढून, खात्रीच्या एसएमपीएसवर एकदाच डिस्क चालवून, सगळी माहिती उतरवून घेतो. त्यानंतर ती डिस्क कामाला लावू नये.

डिस्कचा सर्किट बोर्डच जळाला असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा लावून सहसा भागत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापे बहुधा बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या आयसीत साठवलेली असतात. ती आयसी नव्या बोर्डावर न्यावी लागते. तबकड्यांचे झाकण साध्या खोलीत कधीही उघडू नये.

मूळ कारण आणि नोंद

सगळे भाग तपासून झाल्यावर भिंतीतला सॉकेट मोजणे राहते. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा कमी दाब हवा. मराठवाड्याची काळी माती मे महिन्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नावापुरते उरते. त्यानंतर लगेच वळवाचा, विजांचा पाऊस येतो. म्हणून मार्च ते जून खड्ड्यात नियमित पाणी घालणे आणि न्यूट्रलचे जोड घट्ट करून घेणे ही दुरुस्तीचाच भाग असलेली कामे आहेत. ती न करता बसवलेला नवा एसएमपीएस पुन्हा त्याच वाटेने जातो.

संस्थांमध्ये निदानाचा कागदही तितकाच गरजेचा. ‘संगणक नादुरुस्त’ असा मोघम शेरा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये पडला, की अख्खे यंत्र निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याच्या, यादीत जाते आणि त्यातला चांगला प्रोसेसर, रॅम, मॉनिटर सार्वजनिक पैशासह भंगारात निघतो. प्रत्येक भागापुढे घेतलेले मोजमाप आणि निष्कर्ष लिहिला, तर चार बंद संगणकांतून अनेकदा दोन-तीन पुन्हा उभे राहतात. खरोखर निकामी ठरलेले भाग, त्यांतल्या शिशासारख्या विषारी धातूंमुळे, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावे लागतात.