कानात राजगड

स्वारगेटहून वेल्ह्याच्या एसटीत बसलात की पहिलं काम काय करता? खिडकी पकडता, आणि दुसरं म्हणजे कानात इअरफोन घालता. या वेळी इअरफोन राहू देत, फक्त गाणी बंद ठेवा. मोबाईलमध्ये ‘राजगड’ नावाचा एक फोल्डर हवा, त्यात आठ-दहा छोट्या ऑडिओ फाइल्स हव्यात, आणि आवाज तुमच्याच ग्रुपमधल्या कुणाचा तरी हवा. ऑडिओ वॉक म्हणतात तो हाच. गाइड नाही, रांग नाही, ‘चला चला, पुढे चला’ नाही. तुम्ही थांबलात की आवाज थांबतो, तुम्ही निघालात की तोही निघतो.

ही कल्पना काही आजची नाही. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये १९५२ सालीच लोक कानाला यंत्र लावून चित्रं बघत फिरत होते. आपल्याकडे जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर ऑडिओ टूर ऐकत फिरता येतं आणि ती खरंच ऐकण्यासारखी आहे. मग आपल्या राजगडासाठी आपणच का बनवू नये, असं आमच्या ग्रुपला वाटलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले, त्यातला हा एक. आता गर्दी वाढणारच. येणाऱ्याच्या कानावर काय पडणार, हे कुणीतरी ठरवणारच आहे. ते आपण का ठरवू नये?

आमचं पहिलं रेकॉर्डिंग भारी झालं होतं, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. मागे तुतारी, मधे घोड्यांच्या टापा, आणि ग्रुपमधल्या एकांकिकावाल्या मित्राचा खर्जातला आवाज. बालेकिल्ल्याच्या दरवाजाशी तो गरजला, ‘याच जागी अफजलखानाचं मुंडकं पुरलं!’ अंगावर काटा वगैरे. सोबत आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलीनं कानातून इअरफोन काढला आणि शांतपणे विचारलं, ‘कशावरून?’

कुणालाच सांगता येईना. रेंज नव्हती, त्यामुळे गुगलही नव्हतं. घरी येऊन वाचलं, तर प्रतापगडावरच्या एका बुरुजाबद्दलही हेच सांगतात. एका खानाचं मुंडकं दोन गडांवर!

मग सगळ्या फाइल्स डिलीट केल्या आणि एकच नियम ठेवला. प्रत्येक वाक्य तीनपैकी एका शब्दावर उभं राहिलं पाहिजे: ‘दिसतं’, ‘लिहिलंय’ किंवा ‘सांगतात’. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेकॉर्डिंगला बसा म्हणजे कळेल, ‘सांगतात’ म्हणायला जीभ किती अडखळते ते. आपल्याला सगळं छातीठोकच बोलायची सवय.

आता चला. नसरापूर फाट्याला गाडी उजवीकडे वळते. वळली नाही आणि हायवेनं सरळ गेली तर थोडं पुढे कापूरहोळ. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे या गावच्या. हे गाव लक्षात ठेवा, वर गेल्यावर लागेल. नसरापूरपर्यंत भोर तालुका, पुढे वेल्हे. त्याचं सरकारी नाव आता राजगड तालुका झालंय. यात एक गंमत आहे. भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात राजगड, प्रचंडगड, विचित्रगड असे किल्ल्यांच्या नावांचेच तालुके होते. प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि आता एक जुनं नाव परत आलं. ही आमची पहिली फाइल, एसटीत ऐकायची. (खिडकी बंद करा, नाहीतर अर्धं वाऱ्यात जातं.)

गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाट जवळची, पण खडी. पहिल्यांदा जात असाल तर वाजेघरच्या बाजूनं पाली दरवाजानं चढा. हा राजमार्ग, पायऱ्या रुंद. चढताना काहीही ऐकायचं नाही, धाप लागलेल्या माणसाला इतिहास सांगून उपयोग नसतो. दरवाजात पोचलात, पाणी प्यायलात, की दुसरी फाइल. एकामागे एक दोन दरवाजे ‘दिसतात’. अंबारीसकट हत्ती आत येईल इतकी उंची ठेवलीय असं ‘सांगतात’. मान वर करून तुम्हीच अंदाज घ्या.

आत पद्मावती माची. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, पण त्याआधीची पंचवीसेक वर्षं कारभार इथून चालला. तोरण्याशेजारचा हा मुरुंबदेवाचा डोंगर महाराजांनी बांधून काढला आणि राजधानी केली. म्हणजे तुम्ही उभे आहात ते एका शहरात. हे डोक्यात बसायला वेळ लागतो, कारण दिसतात ती जोती, पडके चौथरे, तलाव, देऊळ आणि सेल्फी काढणारे लोक. इथे आम्ही फाइल मुद्दाम लांबवली. डोळे मिटून सदरेवरची वर्दळ ऐका वगैरे नाटक केलं नाही. फक्त सांगितलं: या जोत्यावरून त्या जोत्यावर जा, पावलं मोजा, दार कुठे असेल ते शोधा, पाणी कुठून येत असेल ते बघा. आमच्यातला सिव्हिलवाला तलावापाशी अर्धा तास अडकला.

पद्मावतीच्या देवळापाशी सईबाईंची समाधी म्हणून दाखवतात ती जागा आहे. ५ सप्टेंबर १६५९ ला त्या याच गडावर गेल्या. संभाजीराजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे. त्यानंतर दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट. आपण ती भेट शंभरदा ऐकलेली असते, पण त्याच्या दोन महिने आधी त्या घरात काय झालं होतं, हे तारखा शेजारी ठेवल्याशिवाय जाणवत नाही. मघाचं कापूरहोळ इथे आठवा. या फाइलला संगीत नाही. एक मिनिट दहा सेकंद, बस.

पुढे बालेकिल्ल्याचा चढ. इअरफोन खिशात. कातळ आहे, रेलिंग आहे, खाली दरी आहे, आणि वरून उतरणाऱ्याची ‘सांभाळून’ अशी हाक ऐकू यायलाच हवी. मुंडक्याची गोष्ट आम्ही काढून टाकली नाही. वर पोचल्यावर सांगतो, ‘सांगतात’ म्हणून, आणि प्रतापगडाचंही नाव घेऊन. गोष्ट तेवढीच रंगते. उलट लोक दरवाजा जास्त निरखून बघतात असा आमचा अनुभव आहे.

मग ‘लिहिलंय’ कुठून आणायचं? इथं भोरवाल्यांनी कॉलर ताठ करावी. भोर तालुक्यातलं कारी हे गाव, कान्होजी जेध्यांचं. या जेधे घराण्याकडे घटनांची तारीखवार नोंद होती, ती जेधे शकावली. लोकमान्य टिळकांच्या हाती ती आली आणि १९१६ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. तोवर महाराजांचं जन्मसाल १६२७ धरलं जायचं. शकावलीतली नोंद वेगळी निघाली आणि आज आपण शिवजयंतीला म्हणतो ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली. एका घरातल्या कागदांनी अख्ख्या महाराष्ट्राचं कॅलेंडर हलवलं. दुसरी आठवण सभासदाची. राजाराम महाराज १६७० मध्ये राजगडावर जन्मले, पुढे जिंजीला गेले, आणि तिथे त्यांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदानं बखर लिहिली. ते जिंजीही युनेस्कोच्या त्याच बारा किल्ल्यांत आहे, तमिळनाडूतला एकटा.

तिसरा प्रकार ‘सांगतात’. त्यासाठी मात्र खाली बघायला नको, माणसं गडावरच भेटतात. माचीवर ताक विकणाऱ्या एका मावशींना आम्ही गडाबद्दल विचारलं आणि मोबाईल हळूच रेकॉर्डिंगला लावला. त्यांनी बरोबर ओळखलं. ‘आवाज घ्यायचा तर आधी विचारायचं ना रं पोरांनो.’ आमची तोंडं बघण्यासारखी झाली. माफी मागितली, फोन बंद केला, ताक प्यायलो. दुसरा ग्लास संपल्यावर त्याच म्हणाल्या, ‘आता लाव.’ त्या महाराजांबद्दल फारसं बोलल्याच नाहीत. ताकाचा हंडा घेऊन रोज किती वाजता निघतात, कुठल्या वळणावर टेकतात, पावसाळ्यात कुठली पायरी शेवाळते, ते सांगत बसल्या. आमच्या फोल्डरमधली सगळ्यात जास्त ऐकली जाणारी फाइल तीच. ती ऐकून एक मुलगा खरंच त्या पायरीवर सावरला. फाइल पूर्ण झाल्यावर त्यांना ऐकवली आणि नाव घालायचं का विचारलं. नको म्हणाल्या, म्हणून नाही घातलं.

तुम्ही बनवणार असाल तर थोडं तांत्रिक. फाइल दोन मिनिटांच्या वर नको. सुरुवातीला ‘कुठे उभं राहायचं’ आणि शेवटी ‘आता कुठे जायचं’ हे सांगाच, नाहीतर लोक पाली दरवाजात बसून संजीवनी माचीचं वर्णन ऐकतात. फाइल्सना आकडे द्या. सगळं घरूनच डाउनलोड करून न्या. एक कान मोकळा ठेवा. आणि स्पीकरवर नको, प्लीज. गडावर आणखीही लोक असतात.

संजीवनी माचीला बहुतेक ग्रुप जातच नाहीत, दमलेले असतात. तुम्ही जा. तटाला लागून दुसरा तट, मधे माणूस चालेल एवढी जागा, आणि समोर पश्चिमेला तोरणा. १७०४ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं हे दोन्ही गड घेतले होते, काही वर्षांत मराठ्यांनी परत मिळवले. त्या दुहेरी तटाच्या मधून चालताना वारा थांबतो आणि बाहेर आलं की एकदम कानावर आदळतो. आमची शेवटची, दहावी फाइल इथली. तिच्यात कुणी बोलत नाही. चाळीस सेकंद तो वारा आहे आणि शेवटी एसटी चुकेल म्हणून ओरडणारा आमचा एकांकिकावाला.

परतताना नसरापूरला गाडी बदलून भोरला उतरलो. नीरेकाठचा राजवाडा बघितला, बाहेरच्या कट्ट्यावर चहा घेतला आणि नवा फोल्डर उघडला. त्याला नाव दिलंय ‘भोर’, आणि आत सध्या एकच फाइल आहे: चहावाल्या काकांनी आधी परवानगी देऊन मग सांगितलेली, पंचवीस सेकंदांची.